त्याने शेत विकत घेतलं

इंग्रजी गुन्हेगारी मालिकांची मराठी सबटायटल्स तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. भाषांतर आधी कुणीतरी करून ठेवलेलं असतं, हल्ली बहुधा यंत्रानंच, आणि त्याच्यामागून मी केरसुणी घेऊन फिरते. दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर दोन-तीन सेकंद. तेवढ्यात बघणाऱ्याला कळलं पाहिजे की कोण कुणाला काय म्हणालं. या मालिकांत भागागणिक दोन-तीन माणसं मरतातच. म्हणजे महिन्याकाठी पन्नासेक मयतं माझ्या टेबलावरून जातात. त्यांतल्या फार थोड्यांना सरळ 'मेला' म्हटलेलं असतं.

परवा एक म्हातारा वैमानिक तरुणपणीच्या मित्राची आठवण काढत होता. डोळे भरलेले, मागे व्हायोलिन, आणि खाली मराठी ओळ : 'त्या रात्री त्याने शेत विकत घेतलं.'

मी भाग थांबवला आणि आधी चहा टाकला.

'बॉट द फार्म' म्हणजे मेला, ही अमेरिकी वैमानिकांची बोली, 1950च्या आसपासची. असं का म्हणायचं, याच्या दोन गोष्टी सांगतात. एक हिशेबी : विमान शेतात कोसळलं की शेतकरी सरकारकडून नुकसानभरपाई घ्यायचा आणि शेतावरचं कर्ज फेडायचा, म्हणजे मेलेल्या वैमानिकानंच ते शेत घेतलं म्हणायचं. दुसरी गोष्ट हळवी. प्रत्येक पोरगा म्हणायचा, इथून सुटलो की गावाकडे एक शेत घेईन. तो परत आला नाही की बाकीचे म्हणत, घेतलं बाबानं शेत. मला दुसरी पटते. पुरावा विचारू नका. 'रिटायर झालो की गावाला घर बांधणार' म्हणणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या किती जणांचं जोतंही झालं नाही, म्हणून पटते. चहा संपेपर्यंत विचार केला आणि ओळ बदलली : 'त्या रात्री तो गेला तो गेलाच.' शेत गेलं, मित्र राहिला. सबटायटलमध्ये एवढंच जमतं.

यंत्राला हसायचा मला अधिकार नाही. नववीत आमच्या इंग्रजीच्या बाई फळ्यावर वाक्प्रचारांची यादी लिहून द्यायच्या. 'टु किक द बकेट : मरणे.' बस्स. मरणे म्हणजे कुणी, कुणाचं, कुणासमोर म्हणायचं, यातलं काही नाही. इंग्रजीत आहे म्हणजे भारदस्तच असणार, अशी आमची समजूत. त्याच वर्षी आजोबा गेले. तेराव्याला गावी जायचं म्हणून मी रजेचा अर्ज लिहिला : माझ्या आजोबांनी बादलीला लाथ मारली आहे, तरी कृपया दोन दिवसांची रजा मिळावी. अर्थात इंग्रजीतून. बाईंनी 'हॅज'खाली लाल रेघ मारली, काळ चुकला म्हणून. बादलीबद्दल अवाक्षर नाही. रजा मंजूर.

ती बादली मुळात बादलीच नव्हती, हे मला या धंद्यात पडल्यावर कळलं. 1785 साली फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसानं लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा कोश छापला, त्यात हा वाक्प्रचार सापडतो. फाशी घेणारा बादलीवर उभा राहतो आणि ती लाथेनं उडवतो, ही व्युत्पत्ती सगळ्यांना ठाऊक असते. पण अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या बोलीत 'बकेट' म्हणजे आडवी तुळई. मारलेलं डुक्कर मागच्या पायांनी तिला उलटं टांगत, आणि जीव जाताना त्याचे पाय त्या लाकडावर आपटत. खाटिकखान्यातलं दृश्य ते. आजोबा जन्मभर शाकाहारी होते. त्यांना मी कुठे नेऊन टांगलं होतं!

गंमत म्हणजे याच लाथेतून पुढे 'बकेट लिस्ट' निघाली. 2007 साली त्या नावाचा हॉलिवूडपट आला आणि मरायच्या आत करायच्या गोष्टींची यादी घरोघरी पोचली. माझी भाची दहावीत आहे, तिची बकेट लिस्ट तयार आहे. लडाख, पॅराग्लायडिंग, कोरियन जेवण. त्या यादीच्या मथळ्यावर एक डुक्कर टांगलेलं आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

या शब्दांच्या मागे लागलं की कळतं, ते कुठल्या तरी कामाच्या जागेवरून आलेले असतात. जुगारी मेला की त्यानं आपल्या सोंगट्या रोख करून घेतल्या. खलाशी बुडाला की तो डेव्ही जोन्सच्या पेटीत, म्हणजे समुद्राच्या तळाशी गेला. पहिल्या महायुद्धातले सैनिक म्हणत, तो पश्चिमेला गेला. ब्रिटनमध्ये 'पॉप्ड हिज क्लॉग्ज' म्हणतात. क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळाचे बूट, लँकेशायरचे गिरणी कामगार घालायचे ते, आणि 'पॉप' म्हणजे सावकाराकडे गहाण टाकणं. बूटच गहाण टाकले म्हणजे उद्या पाळीवर जायचं नाही. अर्थ सुरेख लागतो, पण हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते बूट घालणारे जवळजवळ संपल्यावर. म्हणजे गिरण्यांच्या आठवणीनं कुणीतरी मागाहून रचलेला असावा. असू दे. आपल्या 'खपणे'ची आठवण येतेच. बाई जन्मभर संसारासाठी खपते, दुकानात माल खपतो, आणि मग एक दिवस माणूस खपतो. तिन्हीला एकच क्रियापद.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या मित्रमंडळात कुणी मेलं असं कधी ऐकलं नाही. 'आपला जाधव उतरला.' 'अरे, कुठे?' 'मधल्याच स्टॉपला.' आजारी माणसाला बघून आले की आई विचारायची, कसं आहे? बाबा चपला काढता काढता हवेत दोरी एकदाच ओढायचे. डबल बेल म्हणजे गाडी सोडा, सिंगल म्हणजे थांबवा. आईला कळायचं.

माझी खरी अडचण डेझीच्या फुलांची आहे. 'तो आता खालून डेझी वर ढकलतोय' हे इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं कसं? मुळात ते पुरणाऱ्यांचं वाक्य. माणूस मातीखाली झोपलेला, वर गवत, गवतात फुलं. आमच्याकडे 'गोवऱ्या मसणात गेल्या', हे जाळणाऱ्यांचं. फुलांच्या जागी गोवऱ्या ठेवल्या की इंग्लंडातल्या हिरव्यागार चर्चमागे एकदम नदीकाठचा धूर येतो. मेलेल्याला 'सहा फूट खाली' म्हणतात, त्याचंही तसंच. 1665च्या प्लेगात लंडनच्या महापौरांच्या हुकमात कबर निदान सहा फूट खोल खणावी असं कलम होतं. तो आकडा अजून डिटेक्टिव्हांच्या तोंडी आहे.

पण आता ते तरी कुठे पुरतात? 1884 साली वेल्समध्ये डॉ. विल्यम प्राइस या ऐंशी ओलांडलेल्या, स्वतःला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित म्हणवणाऱ्या विक्षिप्त म्हाताऱ्यानं आपल्या तान्ह्या मुलाचं प्रेत टेकडीवर जाळायला घेतलं. लोक धावून आले, त्याला अटक झाली, कार्डिफला खटला चालला. न्यायाधीश म्हणाले, कुणाला उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या वोकिंगला रीतसर दहन सुरू झालं, आणि आज ब्रिटनमध्ये चारांतल्या तिघांना तरी अग्नीच मिळतो. दाहिनीतून राख होऊन बाहेर पडतात आणि तरी बोलण्यात डेझी ढकलतात. चाळीसेक अक्षरांत मी एवढं कुठे सांगू? 'तो केव्हाच मातीला मिळाला' असं लिहिलं. फूल मात्र हुकलं.

या सगळ्या शब्दांची मोठी मिरवणूक निघाली ती एका पोपटामुळे. 7 डिसेंबर 1969ला माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं एक प्रहसन बीबीसीवर झालं. गिऱ्हाईक मेलेला पोपट घेऊन दुकानात येतं. दुकानदार म्हणतो, मेला कुठे, विश्रांती घेतोय. गिऱ्हाईक चिडत जातं आणि मरणासाठी इंग्रजीत जेवढे म्हणून शब्द आहेत ते एकामागून एक दुकानदाराच्या तोंडावर फेकतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसता हसता वाटलं, हा पोपट ओळखीचा आहे. आपल्या बिरबलाचा नाही का? 'पोपट मेला' असं जो सांगेल त्याचं मुंडकं उडवीन, ही बादशहाची तंबी. मग बिरबल सांगतो, खाविंद, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे मिटलेत, चोच वासलीय, पंख हलत नाहीत. बादशहा वैतागतो, मग मेला म्हण ना! तुम्हीच म्हणालात, खाविंद. एका पोपटाबद्दल खरं बोलायची भीती, दुसऱ्याबद्दल खरं कबूल करायची टाळाटाळ. दोन्हीकडे पोपट आपला गप्प.

हल्ली बादशहाची जागा यंत्रानं घेतली आहे. व्हिडिओत 'मेला', 'मारला' म्हटलं तर तो लोकांपर्यंत पोचणार नाही, या धास्तीनं इंग्रजी बोलणारी पोरं 'अनअलाइव्ह झाला' म्हणतात. अ-जिवंत. बिरबलानं निदान पंखांचं वर्णन तरी केलं होतं.

त्या प्रहसनाचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. ते दोघांनी मिळून लिहिलं होतं, जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमन. 1989 साली चॅपमन कॅन्सरनं गेला, 48 वर्षांचा होता. स्मरणसभेत क्लीज बोलायला उभा राहिला आणि त्यानं मित्राबद्दल पोपटाचीच यादी म्हणायला सुरुवात केली. तो आता राहिला नाही, त्यानं बादलीला लाथ मारली, धूळ चाटली, वगैरे. सभेत हशा. गंभीर चेहऱ्यानं सभ्य बोललो असतो तर तो मला कधीच माफ करता ना, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. ती चित्रफीत मी तीन-चारदा पाहिली आहे. आपल्याकडे शोकसभेत 'गचकला', 'आटोपला' म्हणायची कुणाची छाती आहे? आपले वक्ते 'पोकळी भरून निघणार नाही'च्या पुढे सरकत नाहीत.

मराठीत एवढे शब्द असताना आम्ही सर्रास वापरतो ते इंग्रजीच. 'त्यांचे मिस्टर मार्चमध्ये ऑफ झाले.' बटण दाबल्यासारखं. नाहीतर 'एक्स्पायर झाले', गोळ्यांच्या पाकिटासारखं. खरं तर एक्स्पायर हा शब्द लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता श्वास बाहेर सोडणं, म्हणजे आपलं 'प्राण सोडणं'च. पण आम्हाला तो भेटला औषधाच्या पट्टीवर, बारीक अक्षरांत, तारखेच्या शेजारी. मी या शब्दांना नाकं मुरडायची. बाबा गेले त्या पहाटे सगळ्यांना फोन मी केले. पहिला आत्याला. 'आत्या, बाबा गेले', आणि पुढे दोघींनाही बोलता येईना. दुसरा काकांना, तसाच. तिसऱ्या फोनपासून माझ्या तोंडून 'एक्स्पायर झाले' यायला लागलं आणि मग बावीस फोन सरळ झाले. परक्या शब्दाला आपलं रडू माहीत नसतं. नववीत बादली त्यामुळेच तर जमली होती.

दुपारी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर गेले. पलीकडचा मुलगा फॉर्म भरून घेत होता, सवयीनं, वर न बघता. 'कैलासवासी की स्वर्गीय? माळकरी होते का? मग वैकुंठवासी करतो.' नव्हते, म्हटलं. 'दुःखद निधन घेऊ की देवाज्ञा?' बाबा देवाचीही आज्ञा सहज ऐकणाऱ्यांतले नव्हते. निधन घ्या. त्यानं लिहिलं : अल्पशा आजाराने निधन. मी म्हटलं, अहो, तीन वर्षं आजारी होते. त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. 'ताई, अल्पशाच असतं.' मला क्षणभर वाटलं, सांगावं, 'सिंगल बेल वाजली' असं छापा. शब्द तेवढेच होतात. सांगितलं नाही. अल्पशा आजार राहू दिला आणि पैसे भरले.

आई मात्र यातला एकही शब्द वापरत नाही. ऑफ नाही, एक्स्पायर नाही, गेले पण नाही. बाबांच्या मोबाइलचं कार्ड तिनं अजून चालू ठेवलंय. त्यावर अधूनमधून फोन येतात, कर्ज हवंय का, प्लॉट घ्यायचाय का. परवा मी शेजारीच सबटायटल्स घेऊन बसले होते.

'ते नाहीत,' आई म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

'संध्याकाळी करा,' ती म्हणाली, आणि फोन ठेवून भाजी निवडायला लागली.