वरातीच्या घोडीचे खूर

आमची घोडी लग्नसराईत मुंबईभर वराती करते. बँडमागून पावलापावलानं चालायचं, तेही डांबर नाहीतर काँक्रीटवर. गेल्या हंगामाच्या शेवटाला ती सपाट रस्त्यावरही अडखळायला लागली. पुढचे दोन्ही खूर टोकाला लांबलेले, टाचा बसलेल्या. जुना नालबंद म्हणायचा, "हिचे खूर जन्मजातच असे."

मला ते पटेना. नाल झिजेपर्यंत खुराला हात लावायचा नाही, म्हणजे पैसे वाचतात, ही आमच्याकडची रीत. झिजल्यावर तासायचा, तेव्हा टाच कापली जायची आणि टोक तसंच राहायचं.

डॉक्टरांनी बाजूनं एक्स-रे काढला. खुराच्या आतलं हाड मागच्या बाजूला खाली झुकलेलं होतं. टोक लांब असलं की पाय उचलायला उशीर होतो आणि पायाच्या मागच्या बाजूच्या कंडरांवर ताण येतो. डॉक्टर म्हणाले, "आषाढी एकादशीनंतर तुमच्या वराती बंदच ना? मग आत्ताच नाल काढा." चातुर्मासाचा असा उपयोग मला सुचला नसता.

नवीन नालबंद मिळाला तो रेसच्या घोड्यांवर हात बसलेला. त्यानं सुरी जवळपास बाजूलाच ठेवली. तळवा कोरला नाही, टाचेला जेमतेम कानस लावली. टोक मात्र पुढून मागे घेतलं आणि कड गोल केली. दर चार आठवड्यांनी थोडं थोडं. एकदम सगळं कापलं तर घोडी लंगडेल, हे त्यानं आधीच बजावलं होतं.

खरा त्रास पावसानं दिला. तबेल्यातली ओल आणि मूत, त्यात तळव्याच्या मधल्या मऊ भागाच्या खाचा सडायला लागल्या. काळा चिखल आणि वास असा की नाक धरावं. सकाळ-संध्याकाळ खूर साफ करायचे, कोरडे करायचे, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा बोळा खाचेत बसवायचा. खाली रबरी मॅट आणि कोरडा भुसा घातला. मला विचाराल तर औषधापेक्षा भुशानंच जास्त काम केलं.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, वरून खाली. टोकाशी तो पूर्ण नवा व्हायला ९ ते १२ महिने जातात. गणपतीच्या सुमारास केसांच्या कडेखाली खुराची नवी भिंत, म्हणजे बाहेरचं कवच, दिसायला लागली, खालच्या जुन्या भागापेक्षा उभी. मधली रेघ बोटाला लागायची.

तुळशीचं लग्न आलं तेव्हा रेघ अर्ध्यावरही नव्हती. काकांनी सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या. मी निम्म्या सोडायला लावल्या, त्यावरून घरात बोलणी झाली. नाल पुन्हा ठोकले, पण टोकाकडून मागे सरकवून आणि टाचेला आधार देऊन. आता नालबंद पाच आठवड्यांनी येतो. नाल झिजला नसेल तर खूर तासून तोच परत ठोकतो, त्यामुळे खर्चही काकांना वाटला होता तेवढा वाढलेला नाही.