पद्मिनीला कार्ब्युरेटर शोधताना

बाबांची 1983 ची प्रीमियर पद्मिनी. गेल्या वर्षी तिचं इंजिन पूर्ण उतरवलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 0.6 मिलिमीटर वाढवून नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं झालं. इंजिन सुरूही झालं, पण आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं जागेवर चालणं, सारखं वर-खाली. उस्तादांनी चालू इंजिनावर कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) थ्रॉटल शाफ्टपाशी, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्यापाशी, क्लीनरचा फवारा मारला आणि आवाज लगेच बदलला. "साहेब, इथून हवा ओढतोय. शाफ्ट बघा किती हलतोय."

ज्याला विचारावं तो म्हणे, मारुती 800 चा टाका, ॲव्हरेज वाढेल. पण तो दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा), 796 सीसीच्या तीन सिलिंडरसाठी केलेला. आमच्या मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे मिश्रण नेणारी नळी) बसवायचा तर मधे पट्टी बनवा, लिंकेज बदला. काहींच्या गाडीत चालतोही म्हणे. मला ती खटपट नको होती.

दुसरा सल्ला मोठ्या कार्ब्युरेटरचा, कारण "बोअर केलंय ना!" घरी येऊन गणित मांडलं. 68 चा बोअर, 75 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे 1089 सीसी. 68.6 वर 1109. एवढी धूळ खाऊन वाढले जेमतेम 20 सीसी! तेवढ्यासाठी व्हेंच्युरी (कार्ब्युरेटरचा अरुंद गळा) मोठी केली, तर कमी वेगात हवेचा जोर पडतो, पेट्रोलचा नीट फवारा होत नाही आणि गाडी सिग्नलवर मान टाकते.

मग पुण्याच्या नाना पेठेत नवा, कॉपी माल पाहिला. डब्यात अगदी चकचकीत. बटरफ्लाय (हवेची झडप) पूर्ण बंद करून उजेडासमोर धरला, तर एका कडेला उजेडाची कोर दिसली. परत ठेवला.

शेवटी रविवारी जुन्या बाजारात एक कळकट सोलेक्स कार्ब्युरेटर मिळाला. शाफ्ट त्याचाही ढिला, पण काचेवर ठेवल्यावर बेस सपाट बसला. माझ्याचा बेस पूर्वी कुणीतरी नट आवळून वाकवला होता, म्हणून तो बाद. लेथवाल्याकडून पितळी बुश आणि नवा शाफ्ट बसवून घेतला, जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) माझ्या जुन्यातले घातले. निडल वॉल्व्ह, पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलचे रबरी पाइप नवे टाकले. इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर टिकत नाही.

आयडलिंग बसलं, पण प्लग पांढरट निघायला लागले. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मेन जेट एक नंबर मोठा घातल्यावर प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे झाले. म्हणजे जेट बदलावा लागला तो पेट्रोलपायी, बोअरपायी नव्हे.

एक खोड राहिलीच. तापलेली गाडी बंद करून दहा मिनिटांत परत सुरू करायला गेलं की कुरकुरते, ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरावा लागतो. बाबा म्हणतात, नवी होती तेव्हाही असंच करायची.