ओपनजीएल शिकताना: काळी खिडकी आणि क्लासच्या जुन्या नोट्स

ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून थ्रीडी चित्रं काढून घेण्याची सोय. ती मी क्लासमध्ये शिकतोय. खिडकी उघडणं, त्रिकोण काढणं, त्याला रंग देणं हे सगळं भराभर झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते घन (क्यूब) फिरवताना. कोड क्लासच्या नोट्समधून अक्षर न् अक्षर उतरवलेला, कंपायलरची एकही तक्रार नाही, आणि समोर काळीकुट्ट खिडकी.

थ्रीडी ग्राफिक्सचा खरा वैताग हाच. इतर प्रोग्रॅम गंडला तर निदान काहीतरी चुकीचं दिसतं. इथे काहीच दिसत नाही, आणि त्याला कारणं ढीगभर: कॅमेऱ्याची पाठ वस्तूकडे आहे, शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) कंपाइलच झालेला नाही, बिंदू उलट्या क्रमाने दिल्यामुळे कलिंगमध्ये, म्हणजे पाठमोरे त्रिकोण गाळण्यात, त्रिकोणच उडालेत. मी एकेक तपासत बसलो. सरांना विचारलं तर म्हणाले, "ड्रायव्हर अपडेट करून बघ." केला. तरी काळंच.

शेवटी चिडून मॉडेल मॅट्रिक्स (वस्तू कुठे नि कशी ठेवायची ते सांगणारा सोळा आकड्यांचा तक्ता) फिरवण्याआधीच छापली. सोळाच्या सोळा जागी -१०७३७४१७६. कोड लिहायचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल स्टुडिओ डीबग मोडमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या मोडमध्ये, न भरलेल्या मेमरीत एक ठरावीक कचरा भरून ठेवतो. तो फ्लोट (दशांश संख्या) म्हणून वाचला की नेमका हा आकडा येतो. म्हणजे मॅट्रिक्समध्ये कोणी काही भरलेलंच नव्हतं! जीएलएम या गणिताच्या लायब्ररीत पूर्वी मॅट्रिक्स नुसती जाहीर केली की ती आपोआप आयडेंटिटी (वस्तूत काहीच न बदलणारी मॅट्रिक्स) व्हायची. ०.९.९ आवृत्तीपासून ते बंद झालं, आता कंसात १.० आपण लिहायचं. यात लपवाछपवी काही नाही, बदल रीतसर जाहीर झालेला आहे. नोट्स मात्र त्याआधीच्या, आणि फी यंदाची. सरांच्या लॅपटॉपवर जुनीच आवृत्ती, त्यामुळे त्यांचा घन मजेत फिरतोय. आकडा दाखवल्यावर म्हणतात, "अरे हो, वन पॉइंट झिरो टाक ना." हे आधी सांगायला काय झालं होतं?

तेव्हा कुठल्याही नोट्स हातात घेतल्या की आधी त्या कोणत्या आवृत्तीच्या ते विचारा. 'जीएलबिगिन' (एकेक बिंदू हाताने देण्याची जुनी पद्धत) दिसलं तर सरळ मिटून ठेवा. ती पद्धत २००९ च्या ३.१ आवृत्तीतच मुख्य ओपनजीएलमधून काढून टाकली. खिडकीचा मागचा रंग काळा ठेवूच नका. करडा ठेवा, म्हणजे घन आलाच नाही की आलाय पण काळा आहे, एवढं तरी कळतं. शेडरची चूक आपणहून कोणी सांगत नाही, इन्फो लॉग (चुकांची नोंद) मागून घ्यावा लागतो. ओपनजीएल ४.३ पासून डीबग कॉलबॅक (चूक झाली की आपल्याला कळवणारं फंक्शन) आहे, तो पहिल्या दिवशीच लावा; मॅकवाल्यांना मात्र ४.१ च्या पुढे जाता येत नाही. रेंडरडॉक हे फ्रेम उलगडून दाखवणारं टूल फुकट आहे. व्हर्टेक्स शेडरमधून (बिंदूंच्या जागा ठरवणाऱ्या शेडरमधून) बाहेर पडलेले बिंदू त्यात तक्त्यात दिसतात, माझं अर्धं काम तिथेच झालं असतं. कॅमेऱ्याचं निअर अंतर (याहून जवळचं काही दिसत नाही ते) शून्य देऊ नका, डेप्थचं, म्हणजे खोलीचं, गणितच कोसळतं, ०.१ पुरे.

घन फिरला तेव्हा सरांना मुद्दाम व्हिडिओ पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला.

हो, एक राहिलंच. फिरण्याचा वेग फ्रेमवर (दर चित्रामागे ठरावीक) ठेवू नका, दोन फ्रेममधल्या वेळेने गुणा. नाहीतर तुमच्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर शांत फिरणारा घन मित्राच्या १४४ हर्ट्झवर दुपटीहून जास्त वेगाने गरगरेल.