अल्जीरियाची पॅरिसकरीण

"आई, हिला कंटाळा आलाय." वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या ‘ओडालिस्क’ (म्हणजे जनानखान्यातली बाई) या चित्रासमोर उभी राहून लेक म्हणाली.

खरंच की! जरीचे कपडे, गालिचा, उशा, सगळा थाट जनानखान्याचा. डोळे मात्र जड, पेंगुळलेले.

चित्र १८७०चं. अल्जीरियाची म्हणून रंगवलेली ही बाई म्हणजे रेन्वारची पॅरिसमधली मैत्रीण लीझ त्रेओ. आणि हा पठ्ठ्या अल्जीरियाला पहिल्यांदा गेला १८८१ मध्ये! (अल्जीरियातल्या बायका रंगवणारा चित्रकार दलाक्रवा निदान आधी तिथे जाऊन तरी आला होता.)

पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, हे चित्र लागलं. तिथल्या रसिकांना पूर्वेकडची बाई अशीच हवी असायची, लोळणारी, काही न बोलणारी. खऱ्या अल्जीरियात तेव्हा फ्रेंचांची सत्ता होती आणि पुढच्याच वर्षी तिथे मोठा उठाव झाला.

त्याची चाहूल या गालिच्यावर कुठे दिसते का हो तुम्हाला?