हॅमिल्टन–बर द्वंद्वाच्या वाटेवर: वीहॉकेन, मॅनहॅटन, प्रिन्स्टन

११ जुलै १८०४ च्या सकाळी अमेरिकेचे उपाध्यक्ष अ‍ॅरन बर यांनी माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यावर जिथे गोळी झाडली, ती जागा आज अस्तित्वात नाही, हे मनाशी धरूनच निघा. न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला, हडसन नदीच्या पाण्यापासून जेमतेम वीस फूट उंचीवर, कड्याला एक अरुंद टप्पा होता. १८७० च्या सुमारास रेल्वेमार्गासाठी तो फोडला गेला. कड्याखाली शोधत फिरण्यात अर्थ नाही, स्मारक वर आहे.

मॅनहॅटनच्या पश्चिम ३९व्या रस्त्यावरच्या धक्क्यावरून फेरी घ्या. दहाएक मिनिटांत पोर्ट इम्पिरियल येतं, तिथून पुढे चांगलाच चढ. गुडघे कुरकुरत असतील तर पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकाहून बुलेवार्ड ईस्टने जाणारी १२८ नंबरची बस वर सोडते, परतताना उतार उतरून फेरी पकडा. एकदा तरी नदी ओलांडाच, कारण त्या दिवशी दोघेही वेगवेगळ्या होड्यांतून असेच आले होते. द्वंद्व न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांत बेकायदा होतं, पण न्यू जर्सीत कायद्याची पकड सैल होती. वल्हेकरी पाठ करून उभे राहिले, पिस्तुलं झाकून आणलेली. उद्या खटला झालाच, तर ‘आम्ही काही पाहिलं नाही’ असं शपथेवर सांगता यावं, एवढ्यासाठी.

बरेच जण हॅमिल्टन पार्कमध्ये फोटो काढून परत फिरतात आणि स्मारक राहून जातं. ते जवळच, हॅमिल्टन अव्हेन्यूवर आहे: अर्धपुतळा आणि मागे एक मोठा धोंडा. जखमी हॅमिल्टन यांनी याच धोंड्यावर डोकं टेकलं असं सांगतात, पण ती नुसती आख्यायिका समजा. सकाळी सूर्य मॅनहॅटनच्या बाजूने थेट डोळ्यांवर येतो, फोटोंसाठी संध्याकाळ बरी.

कठड्याशी उभं राहून खाली बघा आणि दहा पावलांचं अंतर मनात मोजा. हॅमिल्टन यांची गोळी बर यांच्या डोक्यावरच्या फांदीत गेली. बर यांची गोळी हॅमिल्टन यांच्या उजव्या कमरेच्या वर शिरून मणक्यात रुतली. आधी कोणी झाडली, यावर दोघांच्या साक्षीदारांचं एकमत कधीच झालं नाही. पहिली गोळी वाया घालवण्याचा इरादा हॅमिल्टन यांनी आधीच लिहून ठेवला होता. पिस्तुलं त्यांच्या साडूच्या मालकीची. १८०१ मध्ये त्यांचा १९ वर्षांचा मुलगा फिलिप, आजच्या जर्सी सिटीत, याच पिस्तुलांच्या जोडीने झालेल्या द्वंद्वात गेला होता. कड्यावर उभं असताना मला सर्वांत जड जातं ते हेच.

निमित्त काय, तर अल्बनीच्या वर्तमानपत्रात छापून आलेलं एक पत्र. हॅमिल्टन यांनी बर यांच्याबद्दल ‘त्याहून हीन’ मत बोलून दाखवल्याचा त्यात उल्लेख होता. बर नुकतेच न्यू यॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले होते.

मॅनहॅटनमध्ये परतल्यावर ग्रेनिच व्हिलेजमधल्या ८२, जेन स्ट्रीटची पाटी पाहून घ्या. हॅमिल्टन यांनी १२ जुलैला या भागातल्या मित्र बेयर्ड यांच्या घरी प्राण सोडला. ते घर आता नाही, पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ ट्रिनिटी चर्चच्या आवारात द्या. रेक्टर स्ट्रीट स्टेशनवर उतरा, दक्षिणेच्या कुंपणालगत पांढरी समाधी दिसेल. दगडावर वय ४७ कोरलंय, पण जन्मसाल १७५५ की १७५७ हा वाद कायम आहे. शेजारच्या साध्या शिळेखाली पत्नी एलायझा आहेत. पतीनंतर त्या ५० वर्षं जगल्या, अनाथाश्रम उभा करण्यात त्यांचा हात होता आणि नवऱ्याची कागदपत्रं त्यांनीच जपली. तिथे थांबल्याशिवाय निघू नका.

हार्लेममधलं त्यांचं घर, हॅमिल्टन ग्रेंज, विनामूल्य पाहता येतं. जुन्या पुस्तकांत कॉन्व्हेंट अव्हेन्यूचा पत्ता असतो, पण २००८ मध्ये अख्खं घर उचलून सेंट निकोलस पार्कमध्ये नेलं. आता पत्ता ४१४, पश्चिम १४१वा रस्ता. उघडण्याचे वार बदलतात, आदल्या दिवशी तपासा.

बर यांची कबर प्रिन्स्टनला आहे, तिच्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. एडिसनला नातेवाइकांकडे उतरला असाल तर सोयीचं, कारण प्रिन्स्टन जंक्शन त्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथे छोटी ‘डिंकी’ गाडी बदलावी लागते. बर यांच्यावर दोन्ही राज्यांत आरोप ठेवले गेले, पण खुनाचा खटला उभा राहिलाच नाही. ते वॉशिंग्टनला परतून सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसले. १८०७ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यातून सुटले, १८३६ मध्ये वारले. विदरस्पून स्ट्रीटवरच्या दफनभूमीत इथल्या कॉलेजच्या, म्हणजे आजच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या, अध्यक्षांची रांग विचारा. बर यांचे वडील आणि आजोबा दोघेही त्या पदावर होते. त्यांच्या पायाशी बर यांचा दगड आहे.