शेवटच्या घरातलं क्लोरिन

सुट्टीवर नागपूरला आले की मानेवाड्याच्या मावशीचा प्रश्न ठरलेला असतो. “तू तिकडं जाऊन बोरिंगच खोदून देते का वं?” खोदून देते, मावशी. पण दक्षिण सुदानातल्या पाणी आणि स्वच्छतेच्या कार्यक्रमाची प्रमुख म्हणून माझा बराचसा वेळ जातो तो काय मोजायचं आणि काय मोजल्यावर काम झालं म्हणायचं, हे ठरवण्यात. ऐकायला हे ऑफिसातलं कागदी काम वाटेल. छावणीत कोण आजारी पडणार, ते मात्र पुष्कळदा यावरूनच ठरतं. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं होतं.

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये तिथं यादवी पेटली. 2018 मध्ये करार झाला, तरी ठिकठिकाणी गोळीबार चालूच असतो. युनिटी राज्यातल्या बेंतिउ गावात जीव वाचवायला हजारो माणसं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळाशी येऊन राहिली आणि तिथं लाखावर वस्तीची छावणी उभी राहिली. पुढं 2019 पासून दरवर्षी पूर येऊ लागले. 2021 चा पूर तर असा, की पाणी ओसरलंच नाही. आता मातीच्या उंच बांधांच्या आत, पाण्यात ठेवलेल्या परातीसारखी ती छावणी बसलेली आहे. बांध राखणं हे तिथं रोजचं काम आहे, आणि त्या बांधावर शांतिसेनेतल्या पाकिस्तानी इंजिनिअरांनी घाम गाळला आहे, हे नागपुरात आवर्जून सांगते.

अशा ठिकाणी पाण्याची किमान मानकं जगभर एकच धरतात, त्यांना स्फिअर म्हणतात. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी. एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं, एका हातपंपामागे 500. घरापासून पाणी 500 मीटरच्या आत. रांग अर्ध्या तासाहून मोठी नको. 20 माणसांमागे एक संडास. आपल्याकडं शहरासाठी माणशी 135 लिटर धरतात, जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी 55. मे महिन्यात आमच्या गल्लीतले कूलर भरताना मी बघते, तेव्हा 15 लिटर म्हणजे काय ते मला फार नेमकं कळतं. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, बाळाचे लंगोट, सगळं त्या एका बादलीत.

पाणी दोन तऱ्हांनी येतं. एक म्हणजे बोअरचं. तिथलं बोरिंग आपलंच आहे, हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. इंडिया मार्क टू हा तो हातपंप. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं आपल्या देशात तो तयार झाला, आणि त्याच्या आधीचे पंप होते जालना पंप आणि सोलापूर पंप. महाराष्ट्राच्या दुष्काळी गावांत जे सुचलं, ते आज नाईलच्या खोऱ्यात पाणी काढतं. बेंतिउतल्या मेकॅनिक बाया त्याची साखळी आणि वायसर इतक्या सफाईनं बदलतात, की बघत राहावं. दुसरं पाणी नदीचं किंवा पुराचं. ते गढूळ असतं. तुरटीनं गाळ बसवायचा आणि मग क्लोरिन द्यायचं. रोज सकाळी बादल्या मांडून तुरटीची मात्रा काढावी लागते, कारण काल लागली तेवढी आज लागेल असं नसतं.

माझं खरं शिक्षण झालं ते विदर्भातल्या एका जिल्ह्यात. इंजिनिअरिंगनंतरची पहिली नोकरी, ग्रामीण पाणीपुरवठ्याची. एका गावचे जलसुरक्षक भाऊ टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, टाकून झाली की सायकल काढायचे आणि लाइनीच्या अगदी शेवटच्या घरी जायचे. तिथल्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, क्लोरिन तपासायच्या ओटी औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरिन तिथवर पोहोचलं, की मगच परतायचं. “मॅडम, टाकीपाशी तं पिवळं येणारच, आपणच टाकलं ना,” असं ते म्हणायचे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जाड पुस्तकं मी वाचली आहेत. या एका वाक्याइतका उपयोग मला त्यांतल्या कुठल्याच पानाचा झालेला नाही.

छावणीत लाइनीचं शेवटचं टोक म्हणजे नळ नव्हे. नळावरून बाई वीस लिटरचा जेरीकॅन भरते, डोक्यावर घेऊन झोपडीत जाते, आणि तेच पाणी संध्याकाळी, रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पितात. उन्हाचा पारा 40 च्या वर. जेरीकॅनच्या आत हिरवट थर. क्लोरिन उडून जातं, घाणीत खर्ची पडतं. नळावर तपासणी केली तर गुलाबी रंग छान येतो, कारण तिथं ओटीऐवजी ज्या गोळ्या वापरतात त्यांनी पाणी गुलाबी होतं. झोपडीतल्या घड्यात तीच गोळी टाका, पाणी पांढरंच्या पांढरं.

जुनी मार्गदर्शक रीत अशी, की नळावर लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असलं म्हणजे झालं. याच देशातल्या निर्वासित छावण्यांमध्ये नळापासून घरापर्यंत पाण्याचा माग काढणारा अभ्यास झाला. एवढं क्लोरिन घरात टिकत नाही, दहा तासांनंतरही घरात पुरेसं उरायला नळावर सुमारे 1 मिलिग्रॅम लागतं, असं त्यात दिसून आलं. आता नुसती मात्रा वाढवावी तर वास येतो. वास आला की लोक ते पाणी नाकारतात आणि बांधापलीकडच्या डबक्यातलं आणतात. म्हणून आमच्याकडं काही बायकांना पगार देऊन नेमलं आहे. त्या घरोघर जाऊन घड्यातलं पाणी तपासतात, जेरीकॅन वाळू-खडे घालून खळखळून धुवून घेतात, आणि वासाची तक्रार कुठून आली ते सांगतात. त्यांच्या वह्यांवरून पंपावरची मात्रा ठरते. माझ्या सगळ्या कार्यक्रमातल्या सर्वांत महत्त्वाच्या नोंदी कुठल्या असं विचाराल, तर त्या वह्या.

देणगीदारांच्या तक्त्यात मात्र रकाना असतो तो “किती लोकांपर्यंत पाणी पोहोचलं” याचा. ही संख्या काढायची रीत म्हणजे नळ गुणिले 250. ती खोटी नसते. पण तिच्यावरून त्या झोपडीतल्या पोराला उद्या जुलाब होणार की नाही, ते कळत नाही. युनिसेफनं 2019 मध्ये दाखवून दिलं, की दीर्घकाळ युद्ध चाललेल्या देशांत 15 वर्षांखालची मुलं प्रत्यक्ष हिंसेपेक्षा घाणेरड्या पाण्याशी आणि अस्वच्छतेशी जोडलेल्या जुलाबांनी जवळजवळ तिप्पट प्रमाणात मरतात. हा आकडा वाचल्यापासून मला नुसते नळ मोजणं पटेनासं झालं आहे.

हेपॅटायटिस ई मुळे हे आणखी पक्कं झालं. बेंतिउत ही कावीळ पुन्हा पुन्हा येते. ती मैल्यानं दूषित झालेल्या पाण्यातून पसरते, आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली तर चारपाच जणींमागे एक दगावते. आपल्या देशाला ती नवी नाही. 1955-56 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पंपघरापाशी नजफगढ नाल्याचं घाण पाणी यमुनेतून आत आलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तिथल्या इंजिनिअरांनी तुरटी आणि क्लोरिन दोन्ही वाढवलं होतं. त्यामुळं टायफॉइड वाढला नाही, जिवाणूंची तपासणीही बरी आली असावी. काविळीचा विषाणू मात्र निसटला. पुढं कित्येक वर्षांनी तो विषाणू हेपॅटायटिस ई होता हे कळलं. आमच्या टीममध्ये जो कोणी नवा येतो, त्याला मी दिल्लीची ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच सांगते.

बेंतिउत मार्च 2022 मध्ये डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सनं तिथल्या आरोग्य मंत्रालयाबरोबर या आजाराची लस दिली. साथ चालू असताना ही लस वापरली गेली, असं जगात तेव्हा पहिल्यांदाच झालं. गरोदर बायकांनाही दिली. लशीचं मोल मी जाणते. पण मैला हटला नाही तर साथीचं मूळ तिथंच राहतं, आणि मैला हटवणं हे माझ्या खात्याचं काम.

चहूबाजूंनी पाणी असलेल्या छावणीत मैला टाकायचा कुठं? खड्डा खोल खणला तर हातभरावर पाणी लागतं. म्हणून संडास जमिनीवर उंचावून बांधतात, टाक्या भरल्या की उपसून ट्रकनं न्यायच्या, आणि जिथं न्यायचं ती जागाही पुरापासून राखायची. ट्रकला डिझेल हवं. डिझेल येणारा रस्ता पावसाळ्यात बंद असतो, नाहीतर नदीमार्गावरच्या नाक्यानाक्यावर कोणीतरी बंदूकधारी अडवून बसलेला असतो. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या 1977 च्या जोडपत्रांत पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर हल्ला करायला बंदी आहे. मी ते कलम एका कमांडरसमोर शांतपणे वाचून दाखवलं आहे, आणि त्यानंतर त्याच्याच पोरांचं पाणीही याच पंपावरून येतं हे सांगितलं आहे. दुसऱ्या मुद्द्यानं अडवलेले डिझेलचे बॅरल सुटले.

संडासांचंही मोजमाप बदलायला हवं, असं मला ठाम वाटतं. 20 माणसांमागे एक ही संख्या पुरी झाली तरी रात्री त्यांतले निम्मे रिकामे असतात. का, ते बायकांना विचारलं की कळतं. आतून कडी नाही. वाटेवर दिवा नाही. पुरुषांच्या संडासाला लागूनच बायकांचे बांधलेत. पाळीचे कपडे धुवायला आडोसा नाही. एका वस्तीत आम्ही बायकांच्या समितीला जागा ठरवू दिल्या, तेव्हा त्यांनी नकाशावरच्या आमच्या सरळ रांगा मोडून संडास आपापल्या अंगणांच्या कडेला हलवले आणि किल्ल्या चारपाच घरांत वाटून घेतल्या. तिथं कडीही टिकली आणि सफाईही. आता आम्ही संडास मोजत नाही असं नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहितो: काल रात्री किती बायका गेल्या.

बाहेरून आलेल्या माझ्यासारख्या माणसाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोळीबार वाढला की आम्हाला विमानानं राजधानी जुबाला नेतात. पंप चालवणारा ऑपरेटर तिथंच राहतो. क्लोरिनचे डबे तो आपल्या झोपडीत लपवतो, टाकी भरतो, फोन लागला तर किती भरली ते कळवतो. दिन्का आणि नुएर या तिथल्या दोन मोठ्या जमाती. तो यांतल्या कुठल्या जमातीचा, यावरून त्याला कुठल्या वस्तीत जाता येईल ते ठरतं, म्हणून प्रत्येक पंपासाठी दोन्हीकडची माणसं शिकवून ठेवावी लागतात. पगार आगाऊ देऊन ठेवणं, किल्ल्या आणि निर्णय त्यांच्या हाती देऊन ठेवणं, याला मी प्रमुखाचं पहिलं कर्तव्य मानते. या माणसांची नावं अहवालांत फारशी येत नाहीत. दक्षिण सुदानात जी मदतकार्याची माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक तिथलीच होती.

20 जानेवारी 2025 ला अमेरिकेनं परदेशी मदत 90 दिवस थांबवायचा हुकूम काढला. दक्षिण सुदानाला तेव्हा सर्वांत जास्त मदत देणारा देश तोच होता. त्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, देशात कॉलराची साथ जाहीर झाली होती. साथ जोरात आणि पैसा बंद. अशा वेळी सगळीकडं आधी कात्री लागते ती घरोघर फिरणाऱ्या बायकांवर, कारण काँक्रीट आणि पाइप डोळ्यांना दिसतात, तपासणी दिसत नाही. आमच्या बैठकीत मी उलट यादी मांडली. नवे संडास थांबवा, उपसा चालू ठेवा. नव्या टाकीचं काम पुढं ढकला, घड्यातल्या पाण्याची तपासणी एक दिवसही थांबवू नका. वाद झाला. एका वरिष्ठांचं म्हणणं होतं, की वर्षअखेरीला दाखवायला काय उरणार? मी त्यांच्यापुढं वह्या ठेवल्या. कुठल्या रांगेतल्या घरांत क्लोरिन शून्यावर आलं आणि त्यानंतर त्याच रांगेतून दवाखान्यात किती जण आले, हे बायकांनी स्वतःहून शेजारी लिहून ठेवलं होतं. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. यादी मंजूर झाली.

इथल्या कॉलेजांतली मुलं कधी कधी भेटायला येतात आणि अशा कामासाठी काय शिकावं ते विचारतात. पंपाचं डिझाइन शिका, ते लागतंच. त्याबरोबर एक उन्हाळा आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या जलसुरक्षकासोबत फिरा. ओटीची बाटली स्वतः हातात धरा. टँकर आल्यावर रांगेत मागं कोण राहतं ते बघा, आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन रांजणातलं पाणी तपासा. घरात शिरायला परवानगी कशी मागायची आणि बाई पुरुषासमोर काय बोलणार नाही, हे तिथंच कळेल.

जूनमध्ये मी परत जाते आहे. पुढच्या वर्षाच्या प्रस्तावाचा मसुदा इथं बसूनच लिहिला. पहिल्या पानावर तपासणाऱ्या बायकांचे बारा महिन्यांचे पगार आहेत, दुसऱ्यावर उपसा आणि डिझेल. टाकी तिसऱ्या पानावर.