क्रँक बदलली: 396 ग्रॅम आणि एक अडकलेला बीबी

सायकलची क्रँक (पेडलचे दोन आर्म आणि पुढची दातेरी चक्रं) एकदाची बसली. जुनी चौकोनी टेपरवाली (चौकोनी, निमुळत्या दांड्यावर बसणारी) उतरवून शिमानो कंपनीच्या 105 मालिकेतली आर7000 लावली. पुढच्या दोन चक्रांचे दात तेच, 50/34. आर्मची लांबी मात्र 172.5 मिमीवरून 165 केली, कारण माझा उजवा गुडघा.

वजनाचं आधी सांगून टाकतो, पहिला प्रश्न तोच असतो. घरातल्या काट्यावर जुनी क्रँक 872 ग्रॅम, तिचा कार्ट्रिज बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरते ते फ्रेममधलं बेअरिंग) 318. नवी 716 आणि तिचा बीबी 78. एकूण 396 ग्रॅम उतरले. मी, सायकल आणि भरलेल्या दोन बाटल्या मिळून 84 किलोच्या घरात जातो, त्यात हे जेमतेम अर्धा टक्का. दहा मिनिटांच्या चढावर तीन सेकंदही वाचत नाहीत. निव्वळ वजनासाठी कोणी एवढा खर्च करत असेल तर माझं मत सरळ आहे: आधी टायर बदला.

जुन्या बाजारात शिमानोचीच वरच्या दर्जाची अल्टेग्रा क्रँक बरी मिळत होती आणि मोहही झाला होता. पण 2012 ते 2019 च्या मध्यापर्यंतच्या 11 स्पीडच्या (मागे 11 चक्रं असलेल्या) अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक शिमानोने सप्टेंबर 2023 मध्ये तपासणीसाठी परत मागवल्या. चिकटवून जोडलेले त्यांचे भाग सुटून क्रँक मोडू शकते म्हणून. आर्मच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, त्यावरून उत्पादनाचा काळ कळतो. विकणाऱ्याकडे त्या कोडचा स्पष्ट फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर विषय सोडा. 105 त्या यादीत नाही, म्हणून मी तिच्यावर आलो.

आता खरं काम. क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं टूल) आट्यांत शेवटपर्यंत गेला की नाही ते बघूनच फिरवायचा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे उपटून हातात येतात. ते निभावलं. बीबीची डावी वाटी सुटली. उजवी ढिम्म. फ्रेम ॲल्युमिनियमची, वाटी स्टीलची आणि आमची हवा खारी: दोन धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हणजे घरची बॅटरीच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सीटट्यूबमधून झिरपलेलं पाणी शेवटी बीबीपाशीच साठतं. वाटीच्या कडेला पांढरी, खडूसारखी पूड बसली होती. तो ॲल्युमिनियमचा गंज.

रात्रभर भेदक तेल सोडून ठेवलं, काही फरक नाही. मग सायकल घेऊन मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात गेलो. तिथे ट्रॉलरची इंजिनं उघडणारे एक चाचा ओळखीचे आहेत. सायकलचा बीबी त्यांनी आधी पाहिला नव्हता, पण खाऱ्या पाण्यात जाम झालेले आटे त्यांच्या रोजच्या कामातले. त्यांनी बीबीचं टूल दातांत बसवलं आणि जुन्या क्रँकचाच बोल्ट मोठ्या वॉशरसह लावून ते जागेवर आवळलं, म्हणजे निसटायचा प्रश्नच मिटला. मग बीबीच्या शेलवर (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसतो तिच्यावर) केटलचं उकळतं पाणी ओतलं. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढ्यानं पकड ढिली होते. उजव्या बाजूला उलटे आटे, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने. पान्याला हातभर पाइप लावला. "झटका नको मारू, वजन टाक नि थांब," चाचा म्हणाले. दाब धरून ठेवला आणि कडाक् करून वाटी हलली. पैसे घेतले नाहीत. वर बोटीच्या शाफ्टला लावतात ते पाण्यात न धुपणारं ग्रीस डबीभर दिलं.

बसवणं त्यामानाने किरकोळ. ब्रशने आटे साफ केले, तेच ग्रीस सढळ हाताने चोपडलं. शेल 68 मिमीचा, रोडच्या बीबीला स्पेसर लागत नाही. वाट्या आधी हाताने दोन-तीन फेरे जाऊ द्या, मग 35 ते 50 न्यूटन मीटरने आवळा. उजव्या आर्मला जोडलेला दांडा उजवीकडून आत सारला, रबरी हातोडीचे हलके ठोके दिले. डावा आर्म बसवताना दांड्यावरचा रुंद दात जुळवायचा. टोकाची प्लास्टिकची टोपी बोटांनीच, 0.7 ते 1.5 न्यूटन मीटर पुरे; इथे जोर केला की बेअरिंग दबून लवकर संपतं. मग सेफ्टी प्लेट खाली दाबायची आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने 12 ते 14. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका.

सीट 7.5 मिमी वर घेतली, कारण क्रँक तेवढीच आखूड झाली. फ्रंट डिरेलरला (पुढची चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो त्या भागाला) वरखाली करावं लागलं नाही, आतला स्क्रू तेवढा थोडा फिरवला. गाडी अजून दहा स्पीडचीच आहे, चेन या चेनरिंगवर बिनआवाज चालते.

पहिली फेरी साखरतर, काळबादेवी करत आरे-वारेला. वारेच्या चढावर उभं राहून दाबलं की जुनी क्रँक कुरकुरायची. ती कुरकुर गेली. गुडघा वर येताना अडत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. पण आखूड क्रँकने तरफही साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी होते, आणि पुढे 34, मागे 28 दातांचा गियर आता उगाच जड वाटतो. मिनिटाला 60 फेऱ्यांवर तो ताशी सव्वानऊ किलोमीटरला जातो. मागे 32 असता तर आठवर निभावलं असतं. माझं मागचं डिरेलर आखूड पिंजऱ्याचं, त्याला 28 दातांच्या पुढे झेपत नाही. म्हणजे कॅसेटबरोबर (मागच्या चक्रांच्या संचाबरोबर) तेही बदलायचं.

ते पावसाळ्यानंतर. दसऱ्याला हत्यारं पुजायच्या आधी बीबी उघडून चाचांच्या ग्रीसने किती धीर धरला ते बघतो. शेलच्या तळाला पाण्यासाठी भोक पाडावं का, यावर मात्र माझं अजून ठरलेलं नाही. कोणी ॲल्युमिनियमच्या फ्रेमला पाडलं असेल तर कितीचं ड्रिल वापरलं ते कळवा.